हेन्री हॉल यांची १९३२ ची रेकॉर्ड: एका बाजूला टेडी अस्वलांची सहल, दुसऱ्या बाजूला बागुलबुवा

आधी वस्तूबद्दल. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची रेकॉर्ड. कंपनी कोलंबिया, इंग्लंडची छपाई, साल १९३२. लेबलवर कोलंबियाची ती दोन जोडलेल्या सुरांची खूण आणि त्याखाली ‘द बीबीसी डान्स ऑर्केस्ट्रा, डायरेक्टेड बाय हेन्री हॉल’, म्हणजे बीबीसीचा नाचाच्या संगीताचा वाद्यवृंद आणि त्याचे लीडर हॉल. एका बाजूला ‘टेडी बेअर्स पिकनिक’, उलट्या बाजूला बागुलबुवाचं गाणं. मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानात ती मला मिळाली. अडीच हजार सांगितले होते, अठराशेला सौदा झाला. कडेला केसाएवढी चीर आहे, पण ती कोऱ्या काठातच थांबते, खोबणीपर्यंत येत नाही. पहिल्या बाजूवर पूर्वीच्या मालकाने भरपूर प्रेम केलेलं दिसतं, कारण मधला भाग करडा पडलाय. दुसरी बाजू मात्र काळीभोर आणि चकचकीत आहे. ती फारशी कुणी लावलेलीच नाही.

मी आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ही रेकॉर्ड मला हवी होती ती माझ्या पेशामुळे. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे एक वरिष्ठ सांगायचे, बीबीसीचे इंजिनिअर यंत्रणा तपासताना अस्वलांचं एक गाणं लावायचे. नुसता टोन, म्हणजे एकाच पट्टीचा यांत्रिक सूर, लावून लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, जुळते, पण लाऊडस्पीकर खरं बोलतोय की नाही हे टोनवरून कळत नाही, त्याला संगीतच लागतं. मीसुद्धा नवा स्पीकर आला की आधी माणसाचं साधं बोलणं ऐकायचे, मग पखवाज, मग सतार. तिन्ही आवाज कानात मुरलेले असले की यंत्र कुठे खोटं बोलतंय ते लगेच पकडता येतं. बीबीसीवाल्यांसाठी तेच काम ही रेकॉर्ड करत होती. एकदोन वर्षं नव्हे, थेट १९६० च्या दशकापर्यंत. मुलांसाठी ध्वनिमुद्रित केलेलं तीन मिनिटांचं गाणं, आणि तीस वर्षं इंजिनिअर लोक त्यावर विश्वास टाकून बसले. हे कसं झालं ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

पहिली बाजू लावली की आधी पृष्ठभागाचा तळणीसारखा आवाज येतो. तो येणारच, त्याबद्दल कुरकुर करणाऱ्याने लाखेच्या वाटेला जाऊ नये. मग खर्जातली वाद्यं जड पावलं टाकत येतात आणि इथेच पहिला धक्का बसतो. ९० वर्षांपेक्षा जुन्या रेकॉर्डचा खर्ज सहसा ढेकळासारखा लागतो, नुसता ‘धुम्म’. इथे मात्र त्या खालच्या सुरांना कडा आहेत. सूर कुठे सुरू झाला, कुठे सुटला, हे स्वच्छ कळतं. वरची वाद्यं येतात ती खालच्यांच्या अंगावर पडत नाहीत. मधली जागा मोकळी ठेवलेली असते आणि त्या जागेत गायक येऊन उभा राहतो.

गायक व्हॅल रोझिंग. व्लादिमीर रोझिंग या रशियन टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या गायकाचा, हा मुलगा. वडील मैफलीचे गवई, मुलाने मायक्रोफोन पत्करला. त्याच वर्षी डिसेंबरात रे नोबल यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’चं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हाही गायला हाच होता. इथे त्याचा आवाज हलका आहे आणि उच्चार इतके नीट की मला इंग्रजी शब्द एकाही ठिकाणी पुन्हा ऐकावा लागला नाही. तो मुलांना घाबरवतही नाही आणि त्यांच्याशी बोबडंही बोलत नाही. जंगलात जायचं तर एकट्याने जाऊ नका, वेष बदलून जा, एवढं गुपित तो विश्वासाने सांगतो.

चाल मूळची अमेरिकेतली. जॉन वॉल्टर ब्रॅटन यांनी ती १९०७ मध्ये नुसत्या वाद्यांसाठी लिहिली होती. शब्द आले थेट १९३२ साली, जिमी केनेडी या आयरिश गीतकाराचे. म्हणजे पाव शतक ही चाल बिनशब्दांची फिरत होती. कडवं मायनरमध्ये आहे आणि ध्रुवपद मेजरमध्ये. आपल्या कानांना सांगायचं तर कोमल गंधाराच्या सावलीतून चालता चालता एकदम शुद्ध गंधाराच्या उन्हात येतो. झाडीत दबकत चाललेली मुलं अचानक मोकळ्या माळावर येतात आणि समोर अस्वलांची पंगत बसलेली दिसते, हे सगळं त्या एका बदलात आहे. बँडने हा बदल आवाज वाढवून केलेला नाही. वाद्यांची मांडणी बदलून केलाय. मला या रेकॉर्डमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि हेन्री हॉल यांची सगळी कारकीर्द समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

त्या काळचे बहुतेक बँडलीडर हॉटेलच्या नाचघरात घडले. समोर जोडपी नाचताहेत, टेबलांवर काटेचमचे वाजताहेत, त्या गलक्यावर मात करायची तर पितळी वाद्यं जोरात वाजलीच पाहिजेत. अशा बँडसमोर मायक्रोफोन नेऊन ठेवला की कंट्रोल रूममधल्या माणसाचे हाल सुरू होतात. ट्रम्पेट उसळले की मीटरचा काटा टोकाला जाऊन आदळतो, मग तो लेव्हल खाली ओढतो. तेवढ्यात गायक हळू आवाजात सुरू करतो आणि घरी बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही, की पुन्हा वर. पूर्ण कार्यक्रमभर हात त्या बटणावरून निघत नाही. मी स्वतः कितीतरी थेट प्रक्षेपणं अशी काढली आहेत. घामाघूम व्हायला होतं. आणि क्वचित असा एखादा संगीत दिग्दर्शक यायचा की तालमीलाच लेव्हल लावावी आणि नंतर नुसतं ऐकत बसावं, कारण चढउतार त्याने वाद्यवृंदातच तोलून ठेवलेले असायचे. हॉल या दुसऱ्या जातीचे होते. या रेकॉर्डची तीन मिनिटं ऐकताना माझा हात एकदाही बटणाकडे गेला नाही.

हे त्यांच्यात आलं कुठून, याचं उत्तर मला त्यांच्या लहानपणात दिसतं. हॉल यांचा जन्म २ मे १८९८ चा, दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमचा. घर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी पंथाचं. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून पितळी वाद्यांवर भक्तिगीतं वाजवणारी ही मंडळी. मुलाने शिष्यवृत्ती मिळवली आणि ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ट्रम्पेट, पियानो आणि स्वरसंवादाचं शास्त्र शिकला. पहिली नोकरी मात्र साल्व्हेशन आर्मीच्या संगीत विभागात, नोटेशनच्या नकला करण्याची. दिवसभर दुसऱ्यांच्या रचना हाताने उतरवून काढायच्या. ज्याने असं काम केलंय त्याला एकेका वाद्याला त्या क्षणी नेमकं काय करायचं आहे हे ओळीओळीने दिसतं. आमच्याकडेही जे जुने वादक नोटेशन लिहून द्यायचे त्यांचे कान वेगळेच होते. त्याच काळात हॉल यांनी साल्व्हेशन आर्मीसाठी काही मार्च लिहिले. त्यातल्या ‘सनशाइन मार्च’ची एक चाल पुढे त्यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमाच्या निरोपाची धून म्हणून वापरली, ‘हिअर्स टू द नेक्स्ट टाइम’. धार्मिक मिरवणुकीसाठी बांधलेली चाल नाचाच्या कार्यक्रमाच्या शेवटी लाखो घरांत वाजू लागली.

पहिल्या महायुद्धात ते रॉयल फील्ड आर्टिलरीत, म्हणजे ब्रिटिश तोफखान्यात, होते. तिथेही बँडमध्ये वाजवत. परतल्यावर काही काळ फार काही घडलं नाही. मग मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात काम मिळालं. हे हॉटेल रेल्वे कंपनीचं. इंग्लंडातल्या मोठ्या रेल्वे कंपन्यांची स्वतःची मोठमोठी हॉटेलं होती आणि प्रत्येक ठिकाणी बँड असे. १९२४ च्या जूनमध्ये स्कॉटलंडमध्ये ग्लेनइगल्स हे आलिशान हॉटेल उघडलं तेव्हा तिथला बँड हॉल यांच्याकडे होता. उद्घाटनाच्या रात्रीचं संगीत रेडिओवरून जावं अशी व्यवस्था त्यांनी स्वतः खटपट करून घडवली. बीबीसी तेव्हा दोन वर्षांचीही झाली नव्हती. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधून नाचाचं संगीत प्रक्षेपित होत होतं खरं, पण लंडनपासून इतक्या दूर, डोंगराळ मुलखातल्या हॉटेलमधून हे करायचं म्हणजे टेलिफोनच्या तारांवर भरवसा ठेवायचा. बँड चालवणाऱ्या तरुण माणसाने तारेच्या पलीकडे बसलेल्या श्रोत्याचा विचार त्या दिवसापासून केला. पुढे त्या रेल्वे कंपनीच्या ३२ हॉटेलांतलं संगीत त्यांच्या देखरेखीखाली आलं. म्हणजे नोकरी पाहिली तर संगीतकाराची कमी, व्यवस्थापकाची जास्त. नेमणुका, वेळापत्रकं, वाद्यं, गाण्यांची निवड. बीबीसीला नेमका असाच माणूस हवा होता.

बीबीसीचा स्वतःचा डान्स ऑर्केस्ट्रा १९२८ पासून जॅक पेन चालवत होते आणि चांगलेच लोकप्रिय होते. १९३२ च्या सुरुवातीला ते रंगमंचाकडे वळले आणि जाताना वादकही घेऊन गेले. हॉल यांना सगळा बँड नव्याने उभा करावा लागला. पहिलं प्रक्षेपण १५ मार्च १९३२ चं. बीबीसीची नवी इमारत, ब्रॉडकास्टिंग हाउस, तेव्हा जेमतेम तयार झाली होती, आणि त्या इमारतीतून झालेलं पहिलं प्रक्षेपण म्हणजे हाच कार्यक्रम. नवी वास्तू, नवी यंत्रणा, नवे वादक, नवा लीडर, सगळं एकाच संध्याकाळी. नव्या स्टुडिओतलं पहिलं थेट प्रक्षेपण काय असतं हे मला ठाऊक आहे. त्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या अनोळखी माणसांबद्दल मला आजही आपुलकी वाटते.

त्यांच्या प्रक्षेपणाची ठरलेली वेळ संध्याकाळी सव्वापाचची. मला ही वेळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या हॉटेलांमधले बँड रेडिओवर यायचे रात्री साडेदहानंतर, मुलं झोपल्यावर. ती गाणी श्रीमंतांच्या नाचघरातली आणि ऐकणारा बाहेरून कान लावून बसलेला. सव्वापाचला मात्र मुलं शाळेतून आलेली असतात, चहा टेबलावर असतो, कामावरची माणसं घरी पोचत असतात. इंग्लंडात त्या सुमारास रेडिओचे परवाने ५० लाखांवर गेले होते, आणि १९३९ पर्यंत ते जवळजवळ ९० लाख झाले. नाचाचा बँड, पण समोर नाचणारं कुणी नाही. कुणी भांडी आवरतंय, कुणी मुलाचे बूट काढतंय. अशा घरात मोठ्या आवाजाने शिरायचं नसतं. हॉल यांची ओळख करून देण्याची पद्धतही तशीच होती, जरा संकोची, संथ, नीटस. ‘धिस इज हेन्री हॉल स्पीकिंग’ हे साधं वाक्य अख्ख्या देशाला पाठ झालं. मी त्यांचा बोलतानाचा आवाज ऐकलाय. त्यात निवेदकाची ऐट नाही. शेजारच्या घरातून कुणी दारात येऊन बोलावं तसा तो आवाज आहे. रेडिओवर काम केलेल्या माणसाला कळतं की हा साधेपणा कमावलेला असतो.

त्या वेळेचं आणखी एक फळ म्हणजे ही रेकॉर्ड. सव्वापाचला मुलं ऐकत असतात हे ओळखून हॉल यांनी मुलांची गाणी बँडमध्ये आणली आणि ती मोठ्यांच्या गाण्याइतक्याच कसोशीने बसवली. ‘टेडी बेअर्स पिकनिक’ दहा लाखांहून जास्त खपली. आर्थिक मंदीचा तो काळ, लोकांनी चहासाखरेच्या पैशांतून ती घेतली असणार. आणि रेकॉर्ड तरी कशाची बनलेली? लाखेची. ती लाख छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या झाडांवरून गोळा होऊन जगभर जायची. इंग्लंडात तिची तबकडी झाली आणि कुणा साहेबाच्या सामानातून मुंबईत परत आली. आज ती माझ्या कोथरूडच्या घरात वाजतेय.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं तांत्रिक बोलते, कारण श्रेय एकट्या बँडलीडरचं नाही. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने रेकॉर्ड कापण्याची, म्हणजे तिच्यात खोबण कोरण्याची, पद्धत आली. त्याआधी सगळे वादक एका भोंग्यासमोर दाटीवाटीने उभे राहायचे. कोलंबियाने १९२९ मध्ये ॲलन ब्लमलाइन या तरुण इंजिनिअरला घेतलं आणि त्याने रेकॉर्ड कापण्याचं नवं उपकरण तयार केलं. स्टिरिओ ध्वनीची मूलभूत कल्पना मांडणारा हाच तो माणूस. त्या सुमाराच्या कोलंबियाच्या रेकॉर्डमध्ये खालचे सूर एवढे सुटे का लागतात, याचं बरंचसं उत्तर त्याच्या कामात आहे. चांगला तोललेला बँड आणि चांगली कापणी एकत्र आली म्हणूनच पुढे तीस वर्षं यंत्रं तपासायला ती चालली.

आता उलटी बाजू. बागुलबुवा आला तर मुलांनी काय करायचं ते सांगणारं हे गाणं आहे. गायक तो आला, आला म्हणून घाबरवतो आणि लगेच त्याला पळवून लावायच्या युक्त्याही सांगतो. इथेही गायक रोझिंगच, पण मला ही बाजू कमी आवडली. रचना एका जागी फिरते आणि दुसऱ्या कडव्यानंतर पुढे काय होणार हे आधीच कळतं. गंमत अशी की माझ्या नातवाला हीच बाजू जास्त आवडते. भीती वाटली की तो सोफ्यामागे जातो आणि गाणं संपल्यावर ‘परत लाव’ म्हणतो. तेव्हा मुलांसाठी घ्यायची असेल तर माझं मत बाजूला ठेवा.

जॅझच्या शौकिनांनी या रेकॉर्डकडून जॅझची अपेक्षा ठेवू नये. हॉल यांच्या बँडला जॅझचा तो लयीचा झोका, म्हणजे स्विंग, नाही, ड्रम अदबीने मागे बसतात, एकट्या वादकाला मोकळं सोडून उडू देणं त्यांना फारसं रुचत नसावं. त्या काळच्या जॅझवेड्या मंडळींचीही हीच तक्रार होती आणि ती रास्त आहे. पण त्यात एक गोष्ट विसरली जाते. १९३६ मध्ये थोर अमेरिकन वादक-संगीतकार बेनी कार्टर लंडनला आले ते याच बीबीसी डान्स ऑर्केस्ट्रासाठी रचना लिहायला. परदेशी वादकांवरच्या निर्बंधांमुळे त्यांना तिथे ब्रिटिश बँडमध्ये बसून वाजवता येत नव्हतं, पण त्यांचा कागद मात्र त्या बँडसमोर उघडला जात होता. ज्या लीडरला लोक बेचव म्हणत होते त्याच्याच बँडसाठी एक काळा अमेरिकन कलावंत रचना लिहीत होता. त्या वर्षातल्या हॉल यांच्या रेकॉर्ड मिळाल्या तर जरूर ऐका. सॅक्सोफोन मंडळी एकदम जागी झाल्यासारखी वाटतात.

पुढची कारकीर्द थोडक्यात. १९३४ च्या मार्चमध्ये ‘गेस्ट नाइट’ सुरू झाला. बँडच्या मधे मधे पाहुणे कलावंत, त्यांच्याशी दोन शब्द, पुन्हा संगीत. आज प्रत्येक वाहिनीवर जे चालतं त्याचं हे सुरुवातीचं रूप. त्याचे ९०० हून अधिक कार्यक्रम झाले. १९३६ मध्ये ‘क्वीन मेरी’ हे अवाढव्य जहाज पहिल्या सफरीवर न्यूयॉर्कला निघालं तेव्हा हॉल त्यावर होते आणि समुद्रातून प्रक्षेपण झालं. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी बीबीसीची नोकरी सोडली आणि बँड घेऊन थिएटरांच्या दौऱ्यावर निघाले. रेडिओवर आवाज ऐकलेल्या माणसाचा चेहरा बघायला लोकांनी गर्दी केली. युद्धकाळात सैनिकांसाठी कार्यक्रम केले, बेटी ड्रायव्हरसारखी गायिका त्यांच्याबरोबर बरीच वर्षं गायली. पुढे हॉल रंगमंचाच्या निर्मितीकडे वळले. १९७० मध्ये सरकारी सन्मान मिळाला आणि १९८९ साली ते वारले.

आपल्या रेडिओशी याचा धागा आहे, आणि तो मी ओढूनताणून आणत नाही. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. बीबीसीची एम्पायर सर्व्हिस, म्हणजे साम्राज्यातल्या दूरच्या श्रोत्यांसाठीची सेवा, १९ डिसेंबर १९३२ ला शॉर्टवेव्हवर आली आणि लंडनचे कार्यक्रम मुंबईतल्या महागड्या सेटवर खरखरत पोचू लागले. १९३५ मध्ये लायनेल फील्डन बीबीसीतून इथल्या रेडिओचे प्रमुख म्हणून आले, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं, आणि त्याच वर्षी बीबीसीचेच इंजिनिअर गॉयडर आले. आमच्या कंट्रोल रूमच्या सवयी, रोजच्या तपासणीची शिस्त, लेव्हल जुळवण्याचे नियम, यातलं बरंचसं त्या माणसांनी घालून दिलेलं. म्हणून वरिष्ठांनी सांगितलेली अस्वलांच्या गाण्याची गोष्ट मी आमच्याच घराण्यातली समजते.

आता वाजवण्याबद्दल, कारण निम्मे लोक इथेच वस्तूचं वाटोळं करतात. एलपीची, म्हणजे नंतरच्या काळातल्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, सुई या खोबणीत चालत नाही. एलपीची खोबण बारीक, ७८ ची तिच्या सुमारे तिप्पट रुंद. बारीक सुई तळाशी घासत जाते आणि नुसता खरखराट येतो. ७८ साठीची जाड टोकाची सुई वेगळी मिळते, तीच घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर लावायची असेल तर पोलादी सुई दर बाजूला बदलायची. जुनी सुई पुन्हा लावली की ती खोबण कापत जाते, माझ्या रेकॉर्डची पहिली बाजू करडी पडली आहे ती बहुधा यानेच. पुसायला स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं.

दुसरी गोष्ट ॲम्प्लिफायरची. आजचे फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या जागा, १९५० च्या दशकात ठरलेल्या मापाप्रमाणे खर्ज वाढवतात आणि वरचे सूर दाबतात. १९३२ ची कोलंबिया त्या मापाने कापलेलीच नाही. तशीच लावली तर खर्ज फुगतो आणि गायकाच्या तोंडावर कांबळं टाकल्यासारखं होतं. टोनच्या बटणांनी वरचे सूर चांगलेच चढवा, खर्ज किंचित उतरवा. खोबणीची खरखर वाढेल, ती सोसा. अगदी वरच्या टोकाला या रेकॉर्डमध्ये जवळजवळ काही नाही, त्यामुळे तेवढं कापलंत तर मात्र नुकसान नाही.

हेच गाणं फोनवर फुकट ऐकता येतं, मग अठराशे रुपये कशाला, असं माझ्या सुनेने विचारलं. तिला मी दोन्ही एकापाठोपाठ ऐकवलं. मी ऐकलेल्या डिजिटल प्रतींपैकी एकात खरखर इतकी निष्ठुरपणे पुसली आहे की वाद्यांमधली हवाच गेली, गायक काचेच्या पेटीत उभा असल्यासारखा वाटतो. दुसरी प्रत बरी आहे, कुणीतरी कमी हात लावलाय. नुसतं गाणं ऐकायचं तर ती पुरेशी आहे आणि कुणी वाईट वाटून घेऊ नये. पण खर्जाच्या त्या पावलांना असलेल्या कडा मला फक्त लाखेवरच ऐकू आल्या.

घ्यायची असेल तर दुर्मिळ म्हणून कुणी चार-पाच हजार मागितले तर देऊ नका. दहा लाखांवर खपलेली रेकॉर्ड आहे, धीर धरला तर मिळते. दुकानातच उजेडात तिरकी धरून बघा, खोबणीत करडेपणा किती आहे ते दिसतं. बोटाच्या पेराने काठावर हलकं टकटक करा. चीर आत गेली असेल तर आवाज फुटका येतो. पहिली बाजू झिजलेली असणारच, दीड-दोन हजारांत थोडी करडी मिळाली तरी घ्या. पैसे वाचले तर ते सुईत घाला.